प्रूफवाल्या व्याह्यांचं ताट

पत्रा ठोकणाऱ्यांच्या गल्लीत सकाळी आठपासून असा ठणठणाट चाले की, दोन माणसं प्रेमानं बोलली तरी लांबून भांडताहेत असं वाटे. त्या गल्लीत शेवटून दुसरं दुकान तेवढं शांत. तिथं हातोडी कमी चाले आणि तारेची किणकिण जास्त. ते दुकान चाळणमावशीचं.

तिला खरं नाव होतं, पण ते कागदोपत्री. गल्लीनं चाळणमावशी म्हटलं आणि तिनंही ते नाव दागिन्यासारखं अंगावर वागवलं. पिठाची गिरणी, वाळू चाळणारे गवंडी, बी-बियाणंवाला, औषधाच्या पुड्या बांधणारा, सगळ्यांच्या चाळण्या तिच्या हातच्या. लाकडाचं कडं वाकवायचं, त्यावर तारेची जाळी ताणायची, वरून पत्र्याची पट्टी ठोकायची. जाळीवरून नुसता अंगठा फिरवून ती डोळे मिटून सांगे, “चाळीस नंबर. इंचाला चाळीस भोकं.” कुणी भिंग घेऊन मोजायला बसलं तर चाळीसच भरत.

तिची कामाची एक रीत होती. गिऱ्हाइकानं आपला माल मूठभर कागदात बांधून आणायचा. मावशी आधी तळहाताएवढी नमुन्याची चाळणी करी आणि ती गिऱ्हाइकाच्याच हातात देई. “माल तुमचा, हात तुमचा, डोळा तुमचा. चाळा आणि सांगा. मग मोठीला हात लावते.” एवढी बारीक जाळी कशाला हवी, असं तिनं तीस वर्षांत कुणाला विचारलं नाही. ज्याचं त्याला ठाऊक.

दुकानामागं दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. बहिणीच्या माघारी चार वर्षांचा भाचा तिनं आणला, वाढवला, विजेच्या मोटारी गुंडाळायचं काम शिकवलं, लग्न लावून दिलं. सून टपाल कचेरीत नोकरीला होती. कमी बोलणारी, कामाला वाघीण.

चाळण्यांचा मावशीला अभिमान होता, पण खरा तोरा होता तो चुलीपुढचा. “माझ्या ताटावरून उपाशी उठलेलं माणूस अजून जन्माला यायचंय,” असं ती म्हणे, आणि ते खोटं नव्हतं. तापातून उठलेले, प्रवासात पोट बिघडलेले, सासरी रुसून आलेल्या शेजारणी, सगळे तिच्याकडं जेवले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

फक्त एक माणूस सोडून. तो माणूस म्हणजे सुनेचे वडील.

ते एका छापखान्यात प्रुफं तपासत. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेली. उंच, काटकुळे, कानावर पेन्सिल. लग्नात मावशीनं तीनशे पानं उठवली होती. सगळा मांडव बोटं चाटत होता आणि हे व्याही खांबाआड उभे राहून रुमालातून एक उकडलेला बटाटा काढून सोलत होते. मावशीनं ते पाहिलं. तिच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तीन वर्षं झाली तरी जळजळ गेली नव्हती. “मुलगी दिली आमच्यात, पण घास घ्यायला आम्ही कमी,” असं ती भाच्याला एकांतात ऐकवी. भाचा मान डोलवी आणि विषय बदली.

मग सुनेची आई वारली. त्यानंतर दीड वर्षानं छापखान्याच्या पायऱ्यांवर व्याही चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेवटी म्हणाले, “आजार काही नाही. माणूस उपाशी आहे. यांना एकटं ठेवू नका.”

सुनेनं वडिलांना आणायचं ठरवलं. वडील तयार होईनात. “मी कुणाच्या घरी जेवत नाही,” एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटी मुलीच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांनी करार केला. सात दिवस. जमलं तर राहतील, नाही जमलं तर आठव्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत आपल्या खोलीत.

ते यायच्या आदल्या दिवशी सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. “मावशी, बाबा इथं जेवले तर राहतील. आणि तिकडं एकटे राहिले तर...”

मावशी कणीक तिंबत होती. ती म्हणाली, “सात दिवस कशाला? मला तीन पुरेत.”

*

व्याही आले ते एक पिशवी, एक छत्री आणि स्वतःचा चमचा घेऊन. गल्लीतून येताना त्यांनी दोन दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका दुकानदारांना सांगितल्या होत्या, त्यामुळं ते पोचायच्या आधीच त्यांची कीर्ती पोचली.

“विहीणबाई,” बसल्याबसल्या ते म्हणाले, “आधीच सांगतो म्हणजे गैरसमज नको. मी तीन गोष्टी खातो. मऊ भात, सोललेला उकडलेला बटाटा आणि गाळलेली पातळ डाळ. डाळीत काही तरंगायला नको. आणि तिन्ही एकमेकांना लागायला नकोत.”

“एवढंच ना?” मावशी हसून म्हणाली. मनात म्हणाली, हे जिभेचे चोचले माझ्याकडं चालायचे नाहीत. साठीचा बाप्या आणि बाळासारखं पथ्य!

पहिले दोन दिवस तिनं सांगितलं तसं केलं. व्याही जेवत, पण चिमणीएवढं. भात चार घास, बटाटा अर्धा, डाळ एक वाटी. तेही असे जेवत की सगळ्यांची त्यांच्याकडं पाठ असेल तर बरं. खाली मान, पटापट घास आणि लगेच हात धुवायला. सून वाटीत किती उरलंय ते तिरक्या नजरेनं बघे.

तिसऱ्या दिवशी मावशीनं आपली विद्या बाहेर काढली.

तिनं भोपळा शिजवला. सुगंधी भुकटीवाल्यासाठी केलेली सगळ्यांत बारीक जाळीची चाळणी दुकानातून आणली. त्या जाळीतून धूरसुद्धा वाकून जाईल, असं गल्लीत म्हणत. तिच्यातून भोपळा तीन वेळा चोळून काढला. खाली उतरला तो लोण्यासारखा, एक धागा नाही की कण नाही. तो तिनं डाळीत घोटला. डाळ पिवळी, भोपळा पिवळा. चाळणीतून गेलं ते गेलं, हा तिचा जन्माचा विश्वास. चाळण्या करणाऱ्या बाईनंच करावी अशी ती चूक होती.

व्याह्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबले. तो घास गिळायला त्यांना फार वेळ लागला.

“विहीणबाई, यात काय आहे?”

“डाळ.”

“आणि?”

“डाळच की.” मावशीनं पदर सारखा केला.

व्याह्यांनी चमचा ताटाच्या कडेला अगदी हळू ठेवला. आवाज चढवला नाही. “डाळ होती तोवर मी डाळ खात होतो,” एवढं म्हणून ते उठले.

रात्री त्यांनी डाळीची वाटी बाजूला सारली. मावशीनं शपथ घेतली की आज नुसती डाळच आहे, समोर झाकण उघडून दाखवलं. त्यांनी मान हलवली. तिनातले दोन उरले.

भांडी घासताना सून म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता म्हणूनच ते जास्त लागलं, “आईनं एकदा असंच केलं होतं. दुधात अंडं फेटून घातलं, ताकद यावी म्हणून. त्या दिवसापासून बाबांनी दूध सोडलं ते सोडलंच. मावशी, तुम्ही मला विचारायचं होतं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मावशी वाढवायला गेली आणि असलेलंही घालवून बसली. त्या रात्री ती स्वतः जेवली, पण घास तिला लागला नाही.

*

चौथ्या दिवशी सकाळी दुकानात औषधवाला आला. तणतणत आला. घाई होती म्हणून त्यानं दुसरीकडून एक चाळणी करून घेतली होती आणि ती त्याला नडली होती.

“मावशी, मी साठ नंबर मागितला. त्यानं छप्पन दिला. वर मलाच म्हणतो, एवढ्यानं काय होतंय, पोटात गेल्यावर सगळं एकच! अख्खा घाणा वाया गेला माझा.”

मावशीनं जाळीवर अंगठा फिरवला आणि तिचा पारा चढला. “छप्पनसुद्धा नाही, चोपन्न आहे. गिऱ्हाइकानं साठ मागितला तर साठ द्यायचा! एवढ्यानं काय होतंय हे सांगणारे आपण कोण? माल त्याचा, नुकसान त्याचं. वर खोटं बोलायचं म्हणजे...”

ती मधेच गप्प झाली. औषधवाल्याला वाटलं, हिला ठसका लागला.

“उद्या या,” मावशी म्हणाली. “साठच देते.”

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि मागं गेली. व्याही खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होते. म्हणजे पेन्सिलीनं दुरुस्त करत होते. मावशी त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. सगळ्या गल्लीला माहीत होतं की ही बाई मोडेल पण वाकणार नाही. पण आज ती वाकली, आणि वाकताना तिची पाठ ताठच होती.

“व्याही, परवा... नाही, काल दुपारी मी खोटं बोलले. डाळीत भोपळा होता. मीच घातला.”

“माहीत आहे,” व्याही म्हणाले.

“चूक झाली माझी.”

व्याह्यांनी चष्मा काढला. चाळीस वर्षांत त्यांनी हजारो चुका दाखवल्या होत्या, पण समोरच्यानं स्वतः येऊन चूक कबूल करायची वेळ क्वचितच आली असावी. काचा ते सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले.

“आता असं करा,” मावशी पुढं म्हणाली, “तुमच्या जिभेला कुठल्या नंबरची जाळी लागते तेवढं सांगा. का लागते ते नको. गिऱ्हाइकाला मी का म्हणून कधी विचारत नाही.”

पण व्याह्यांनी ‘का’च सांगितलं. बहुधा कुणी विचारणार नाही म्हटल्यावरच माणसाला सांगावंसं वाटतं.

“मी ओळ वाचतो ना, विहीणबाई, तेव्हा नजर सरळ धावते. एखादं अक्षर उलटं लागलेलं असलं की ती तिथं ठेचकाळते. मग तिथून हलतच नाही. तुम्हाला ते अक्षर दिसणारही नाही, पण मला त्या पानावर दुसरं काही दिसत नाही. जिभेचं तसंच आहे. मऊ घास म्हणून निघते आणि मधे एखादी बी, सालाचा एखादा तुकडा, की संपलं. घसा बंद. मी मुद्दाम करत नाही. लहानपणी मार खाऊन पाहिला, लग्नाकार्यात लोकांचं हसू झेललं. ती होती तोवर निभावलं. तिला ठाऊक होतं सगळं.” त्यांनी पेन्सिल वर्तमानपत्रावर आडवी ठेवली. “भोपळ्याचं म्हणाल तर भोपळा वाईट नव्हता. पण डाळ म्हणून डाळ खायला गेलो आणि दुसरंच निघालं. मग पुढच्या घासावर विश्वास कसा ठेवायचा?”

मावशीनं कपाळाला हात लावला. तीन वर्षं तिनं एक बटाटा मनात सलत ठेवला होता. तो माणूस तिचं अन्न नाकारत नव्हता, चारचौघांत लाज झाकत होता, हे तिला आत्ता उमगलं.

“ठरलं,” ती उठत म्हणाली. “आजपासून तुमच्या डोळ्यांसमोर जे पडलं नाही ते तुमच्या ताटात पडणार नाही. हा माझा शब्द. आणि नमुना तुम्हीच चाळायचा. चला, उठा. बसून कसलं चालतंय?”

*

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात खिडकीजवळ दुसरं स्टूल आलं. व्याही कानावर पेन्सिल खोचून त्यावर बसले. मावशीनं डाळ निवडली ती त्यांच्यासमोर, धुतली त्यांच्यासमोर, शिजवली त्यांच्यासमोर. मग चाळणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी डाळ स्वतः चोळून गाळली; पहिल्यांदाच करत होते, त्यामुळं निम्मी बाहीवर उडाली. मावशीनं हसू दाबलं. उरलेली वाटीभर त्यांनी हुंगली, चाखली आणि प्यायली.

गेलेली डाळ परत आली. सुनेनं ती रिकामी वाटी दोनदा धुतली.

पाचव्या दिवशी मावशी शेजारच्या पत्रेवाल्याकडं गेली. “मला एक ताट कर. आत उभ्या भिंती पाहिजेत. चार कप्पे. एकातलं दुसऱ्यात एक थेंब जायला नको.”

“कुणासाठी गं मावशी?”

“गिऱ्हाईक आहे,” मावशी म्हणाली आणि त्याच्या पुढच्या प्रश्नाकडं पाठ केली.

ताट झालं. कडा घासून गुळगुळीत, भिंती बोटभर उंच. व्याह्यांनी ते हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं, कप्प्यांच्या सांध्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, “काम स्वच्छ आहे.” त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून पोवाडा.

मग नमुन्यांचा सपाटा सुरू झाला. चहाच्या चमच्याएवढा नमुना, बशीत. टोमॅटो? “बी नाही, पण आंबट एकदम अंगावर येतं. नापास.” वाटाणा? “साल गेलंय, पण त्याची आठवण राहिलीय. नापास.” आधी कुणी तिच्या रांधण्याला नापास म्हटलं असतं तर मावशीनं त्याला घराबाहेर काढलं असतं. आता ती “बरं” म्हणे, नमुना स्वतःच्या तोंडात टाके आणि पुढचा काढी. व्यवहार म्हटला की तिला राग येत नसे. उलट तिला यात गोडी वाटू लागली. आपण इतकी वर्षं रांधलं, पण घासाघासाचं असं कुणी ऐकवलं नव्हतं. सगळे आपले ‘छान, छान’ म्हणत आणि ढेकर देत.

सहाव्या दिवशी गाजर आलं. नुसतं गाजर, वाफवलेलं, साठ नंबरमधून एकदाच काढलेलं, चिमूटभर मीठ. व्याह्यांनी चाखलं. डोळे मिटले. मावशीच्या हातातला पळा तसाच हवेत.

“पास,” व्याही म्हणाले.

मावशीनं पळा असा आपटला की दुकानात मोटार गुंडाळत बसलेला भाचा धावत आत आला. “काय झालं? काय पडलं?”

“काही पडलं नाही. गाजर चढलं!” मावशी म्हणाली.

तरी सून मोजत होती. तिनाचे चार झाले होते खरे, पण सहा दिवसही संपले होते. आणि वडिलांची पिशवी अजून दाराजवळच, बंद बांधून ठेवलेली होती. ती त्यांनी उघडून कपडे खुंटीला लावले नव्हते.

*

सातव्या दिवशी, रविवारी दुपारी, गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला आणि मावशीनं भाताचं आधण वाढवलं. तो तिच्या थोरल्या भावाचा ट्रक.

भाऊ म्हणजे सगळ्यांचे मामा. बारा गावचं पाणी प्यालेला, आवाज इंजिनाचा, पोट टाकीचं. न कळवता येई, दोघांचं जेवे आणि आग्रह असा करी की, नको म्हणणाऱ्याचा हात धरून वाढी. प्रेमळ माणूस. पण त्याचं प्रेम अंगावर घेणं म्हणजे ट्रक अंगावर घेणंच.

पानं मांडली गेली. मामानं कप्प्याचं ताट पाहिलं आणि खो खो हसला.

“अहो व्याही, हे ताट आहे की तबेला? प्रत्येकाला वेगळी जागा! बांधलंय का काय आत? सुटून जाईल म्हणून?”

“दादा,” मावशी म्हणाली.

“अगं, चेष्टा गं. पण खरं सांगू का व्याही, साठी उलटली तुमची. हे असं वेगळं वेगळं खाऊन अंगी लागतंय का कुठं? कालवून खावं माणसानं! हे घ्या, आमच्या बहिणीच्या हातचं घ्या, सगळं विसराल.” आणि कुणाला काही कळायच्या आत मामानं रश्श्याचा पळा, त्यात कांदा, वाटाणे, टोमॅटोची सालं, सगळं आलं, व्याह्यांच्या ताटात मधोमध ओतला. रस्सा भिंती ओलांडून चारही कप्प्यांत पसरला. गाजराची वाटोळी पिवळीकेशरी मूद बुडाली.

व्याह्यांचे हात ताटावरून मागं गेले आणि मांडीवर जाऊन पडले. त्यांची मान खाली गेली, ती पहिल्या दिवसासारखीच. सुनेनं ताटाकडं पाहिलं नाही. तिनं दाराजवळच्या पिशवीकडं पाहिलं.

मावशी उठली. तिनं ते ताट उचललं, मोरीत नेलं, राखेनं घासलं, धुतलं, पुसलं. मग ती ताट घेऊन व्याह्यांसमोर बसली. भात वाढला, त्यांना दाखवून. बटाटा ठेवला, त्यांना दाखवून. डाळीचं झाकण त्यांच्यासमोर काढलं, गाजराचंही काढलं. एकेक कप्पा भरला. सगळं शांतपणे, हातात एखादं महागाचं काम असावं तसं.

मग ती भावाकडं वळली.

“दादा, माझ्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाचा माल दुसऱ्याच्या मालात मिसळत नाही. मग घरात का मिसळू देईन? तुझं ताट तुझं, त्यांचं त्यांचं. पुन्हा त्यांच्या ताटाकडं पळा नेलास तर पळा माझा आणि डोकं तुझं.”

मामा ओशाळला. पण हार मानेल तर तो मामा कसला. “बरं बाई, चुकलो. पण एक सांग, आपल्या घरात होतं का कुणी असं? आपण भावंडं दगड घातला तरी पचवत होतो. तू कधी कशाला नाही म्हणालीस?”

“तेवढं खरं,” मावशी म्हणाली. तिचा जुना तोरा जरा वर आला. “मी जन्मात कशाला नाक मुरडलं नाही.”

तेव्हा व्याह्यांनी घसा खाकरला.

“विहीणबाई, एक शंका आहे. छोटी.”

सगळे त्यांच्याकडं बघू लागले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली होती.

“चुका दोन प्रकारच्या असतात. एक, जे नको ते छापलेलं. दुसरी, जे हवं ते गळालेलं. दुसरी सापडायला अवघड. सात दिवस मी या घरात आहे. बाजारात सध्या कोबीचे ढीग लागलेत. गल्लीत घरोघरी कोबी शिजतोय. या घरात कोबी आला नाही. आणि परवा शेजारून त्याचा वास आला तेव्हा तुम्ही खिडकी लावून घेतलीत.”

भाच्यानं हातातला घास परत ताटात ठेवला.

“अरेच्चा!” भाचा म्हणाला. “मावशी, खरंच की! आपल्याकडं कोबी कधी झालाय? मी चार वर्षांचा आलो या घरात. मी कोबी पहिल्यांदा खाल्ला तो मोटारीच्या कारखान्यात!”

“मी एकदा आणला होता,” सून म्हणाली. ती सहसा बोलत नसे. “दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या शेळीपुढं दिसला.”

“शेळीला भूक लागली होती!” मावशी म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते.

मामाला हसू आवरेना. त्यानं मांडीवर थाप मारली. “चाळणी म्हणते सुईला, तुझ्या नाकात भोक! अगं बाई, तू तर सगळ्यांच्या वरचढ निघालीस! आई मारायची तुला कोबीवरून, आठवलं मला. दाराआड थुंकून यायचीस!”

मावशीला वाटलं, आता रागवावं. पण राग येईना. उलट पोटातून एक उकळी वर आली आणि ती अशी हसली की डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. “वासच सोसत नाही मला त्याचा,” ती धापा टाकत म्हणाली. “मेला ओल्या फडक्यासारखा वास! पण मला कुणी कधी विचारलंच नाही. रांधणारीच्या खोडी ताटात दिसत नाहीत बघा. त्या बाजारातच मागं राहतात. मी स्वतःच विसरून गेले होते.”

“मग आता माझंही ऐका,” मामा आवाज उतरवून म्हणाला. त्याचा उतरवलेला आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. “मला दुधावरची साय चालत नाही. ओठाला लागली की अंगावर काटा. तीस वर्षं ट्रक चालवतोय, प्रत्येक हॉटेलात चहावर आधी फुंकर मारून साय कडेला लावतो, आणि कुणी बघत नाही असं बघून बोटानं काढून टाकतो. बाकीचे ड्रायव्हर काय म्हणतील!”

“मामा, तुम्ही?” भाचा ओरडला.

“मीच! बोंब मारू नकोस.”

त्या हसण्याच्या गदारोळात कुणाचं लक्ष व्याह्यांच्या ताटाकडं नव्हतं. तीच गोष्ट त्यांना बहुधा आयुष्यभर हवी होती. मावशीनं डोळे पुसून पाहिलं तेव्हा भाताचा कप्पा रिकामा होता. बटाट्याचा रिकामा होता. डाळ संपली होती. व्याही मामाशी सायीवर बोलत होते. साय गाळायला कुठली जाळी चालेल यावर त्यांचं मत होतं. बोलता बोलता त्यांनी ताट जरासं पुढं सरकवलं.

“विहीणबाई, गाजर आणखी आहे का?”

कुणाच्या घरी न जेवणाऱ्या त्या माणसानं आज दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं. सून आणायला आत गेली. गाजराचं भांडं ओट्यावर समोरच होतं, तरी तिला बाहेर यायला बराच वेळ लागला. मावशीनं तिला हाक मारली नाही.

*

आठव्या दिवशी सून कामावर निघाली तेव्हा पिशवी दाराजवळ तशीच होती. तिनं वडिलांना काही विचारलं नाही. करारात मनधरणीचं कलम नव्हतं.

मावशीही विचारणार नव्हती. ती दुधी चिरत बसली. व्याही स्टुलावर होते.

“याचा नमुना संध्याकाळी निघेल,” मावशी दुधीकडं बघत म्हणाली.

“गाडी साडेदहाची आहे.”

“मग नमुना राहील पडून. माझ्या एकटीच्यानं व्हायचं नाही ते. जिला इतक्या वर्षांत स्वतःचा कोबी दिसला नाही, ती दुसऱ्याची बी काय शोधणार?”

व्याह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग छत्री घेऊन बाहेर पडले. मावशीनं मान वर केली नाही. चिरून झालेला दुधी तिनं परत चिरायला घेतला, त्याचा भुगा होईपर्यंत. बऱ्याच वेळानं तिनं दाराकडं पाहिलं. पिशवी जागेवर होती.

पुढचं सुनेनं सांगितलं. ती खिडकीवर बसली होती, पत्रं तोलत, शिक्के मारत. रांगेतून एक हात पुढं आला आणि पाकीट सरकवलं गेलं. अक्षर ओळखीचं, छापल्यासारखं. पत्ता वडिलांच्या घरमालकाचा. तिनं वर पाहिलं.

“रजिस्टर करा,” वडील कोरडेपणानं म्हणाले. “खोली रिकामी करतोय म्हणून कळवलंय. पोच हवी.”

तिनं शिक्का मारला. मग आणखी एक मारला. मग आणखी एक. शेजारच्या खिडकीवरची बाई म्हणाली, “अगं, पाकीट फाटेल!”

दुपारी व्याही घरी आले, पिशवी उघडली आणि सदरे एकेक करून खुंटीला लावले. “दुधीचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

“भुगा,” मावशी म्हणाली. “पण बारीक भुगा.”

महिन्याअखेरीला हातगाडीवरून त्यांचं सामान आलं. पुस्तकांची दोन खोकी, एक आरामखुर्ची, एक कंदिलासारखा जुना दिवा. खुर्ची कुठं ठेवायची यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि मावशी जिंकली. त्या दिवशी बाजारात भाजीवाल्यानं विचारलं, “काय मावशी, ते खोडीवाले पाहुणे सुधारले म्हणे तुमच्याकडं?”

“पाहुणे कोण? घरातलं माणूस आहे,” मावशी म्हणाली. “आणि सुधारायला त्यांना झालं काय होतं? जाळी बारीक आहे एवढंच.”

ती गाजरांच्या ढिगापुढं उकिडवी बसली. एक उचललं, वाकडं म्हणून ठेवलं. दुसरं जून म्हणून ठेवलं. तिसऱ्यावर नख लावून पाहिलं. मग हात घालून थेट तळातली काढायला लागली, तशी वरची चार गाजरं घरंगळत रस्त्यावर गेली.

“ओ मावशी, घ्यायची तर घ्या! ढीग कशाला उपसताय?” भाजीवाला वैतागला.

“उपसणारच,” मावशी ऐटीत म्हणाली. “आमच्या घरी तपासणारा माणूस आहे.”